श्रीमंत भवानराव पंतप्रतिनिधी : प्रजेच्या आरोग्याचा ध्यास घेतलेला राजा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने आरोग्य या विषयावर काही लिहावे अशी सूचना केली, तेव्हा प्रथम संकोच वाटला. मी वैद्य नाही की डॉक्टर नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन चाळीस वर्षे कापडाच्या गादीवर बसलेला एक व्यापारी आहे. परंतु आमच्या तीर्थरूपांचे बालपण ज्या औंध संस्थानात गेले, त्या संस्थानच्या अधिपतींच्या गोष्टी मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. रोग झाल्यावर औषध शोधीत बसण्यापेक्षा रोग अंगात शिरूच नये आणि हे भाग्य आपल्या मुलुखातील प्रत्येक स्त्री-पुरुषाला लाभावे, या एका ध्यासाने त्या राजाने आयुष्याची चाळीसहून अधिक वर्षे वेचली. आरोग्याचा उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. म्हणून ज्यांना तो होता, त्यांचे चरित्र वाचकांपुढे ठेवीत आहे.

औंध म्हटले की हल्ली पुण्याचे उपनगर डोळ्यांपुढे येते. ते हे औंध नव्हे. सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात, यमाई देवीच्या डोंगराच्या पायथ्याशी वसलेले हे गाव एका छोट्या संस्थानची राजधानी होते. राजाराम महाराजांच्या पडत्या काळात मोगलांशी झुंज देऊन ज्यांनी गेलेले किल्ले परत मिळविले, ते किन्हईचे परशुराम त्रिंबक हे या घराण्याचे मूळ पुरुष. त्यांना प्रतिनिधिपद मिळाले व पुढे पंतप्रतिनिधी हेच घराण्याचे नाव झाले. इंग्रजी अमलात या घराण्याकडे उरला तो सुमारे ५०० चौरस मैलांचा, तोही सलग नसलेला मुलूख. औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरच्या बाजूचे गुणदाळ असे त्याचे चार तालुके. गावे बहात्तर व १९३१ च्या सुमारास लोकसंख्या पाऊण लाखाच्या आसपास. यातील आटपाडीचा भाग म्हणजे माणदेश. पाऊस नाही, झाड नाही, मेंढरे व बाजरी यांवर माणसे जगायची. आमच्या आजोबांचे कापडाचे दुकान याच आटपाडीच्या बाजारात होते. सुगी साधली तर लुगडी-धोतरे खपायची, नाही साधली तर उधारीची वही तेवढी वाढायची.

अशा या घराण्यात २४ ऑक्टोबर १८६८ रोजी भवानरावांचा जन्म झाला. सर्व जण त्यांना बाळासाहेब म्हणत. ते वडील चिरंजीव नसल्याने गादी आपल्याकडे येईल अशी अपेक्षा त्यांनी धरलेली नव्हती. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण राजपुत्राच्या वाट्याला येणाऱ्या लाडाकोडापेक्षा शिक्षण त्यांच्या वाट्याला अधिक आले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी. ए. झाले. त्या काळी संस्थानिकाच्या घरातील मुलाने पदवी परीक्षा देऊन उत्तीर्ण व्हावे हे नवलच होते. चित्रकला हा त्यांचा जन्मभराचा छंद होता, कीर्तनाचीही गोडी होती. पुढे थोरले बंधू निवर्तले, पुतण्याची कारकीर्दही अल्पकाळ टिकली आणि १९०९ च्या नोव्हेंबरात, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, भवानराव औंधच्या गादीवर बसले.

व्यायामाची आवड त्यांना तरुणपणापासून होती. आपल्याकडचे जोर, बैठका वगैरे त्यांनी केलेच. पण त्या काळात युजेन सँडो या जर्मन मल्लाची कीर्ती जगभर पसरली होती. पिळदार शरीराच्या त्याच्या तसबिरी घरोघर लागत. भवानरावांनी १८९७ साली सँडोची सर्व साधने व पुस्तके मागविली आणि थोडीथोडकी नव्हे, दहा वर्षे तो व्यायाम नेमाने केला. त्याने त्यांचे बाहू व छाती भरली. परंतु मिरजेच्या अधिपतींनी त्यांना सूर्यनमस्कार शास्त्रशुद्ध रीतीने घालून पाहण्यास सुचविले आणि १९०८ च्या सुमारास त्यांनी सँडो बाजूला ठेवून नमस्कारांना आरंभ केला. त्यानंतर त्यांनी मागे वळून पाहिले नाही.

नमस्कार ही भवानरावांनी नव्याने शोधून काढलेली वस्तू नव्हती. महाराष्ट्रात समर्थ संप्रदायात व वैदिक घराण्यांत ती पूर्वापार चालत आलेली होती. रोग निवारणासाठी नमस्कार घालण्याची किंवा मोल देऊन दुसऱ्याकडून घालवून घेण्याचीही रीत होती. (स्वतःचा व्यायाम दुसऱ्याने करावा आणि फळ आपल्या खाती जमा व्हावे, हा जमाखर्च मला व्यापारी असूनही कधी उमगला नाही.) भवानरावांनी केले ते असे की, या धार्मिक आचारातील अंगविक्षेप एकेक करून तपासले, त्यांचा क्रम निश्चित केला, कोठे श्वास घ्यावा, कोठे रोखावा, कोठे सोडावा हे ठरविले आणि आठ वर्षांच्या मुलापासून वृद्धापर्यंत कोणालाही जमेल असा दहा स्थितींचा नमस्कार बांधून दिला.

तो नमस्कार थोडक्यात असा. हात जोडून ताठ उभे राहायचे. गुडघे न वाकविता पुढे लवून तळहात जमिनीला टेकायचे. मग एक पाय मागे, त्यानंतर दोन्ही पाय मागे नेऊन सर्व शरीर एका रेषेत तोलायचे. कपाळ, छाती, दोन तळहात, दोन गुडघे आणि दोन पाऊलांची बोटे अशी आठ अंगे भूमीला लावून साष्टांग नमस्कार करायचा. छाती वर उचलून मान मागे न्यायची, नंतर कंबर वर उचलायची आणि आल्या वाटेने परत उभे राहायचे. यातले मर्म असे की, एकदा टेकलेले तळहात शेवटपर्यंत जागचे हलवायचे नाहीत. त्यासाठी पुढे कापडाचा एक चौकोनी तुकडा अंथरावा, अशी त्यांची सूचना असे. वडील त्यासाठी खादीच्या ताग्यातून फाडलेला एक तुकडा वापरीत. दर दिवाळीला नवा तुकडा काढायचा आणि जुना दुकानाच्या पुसण्यात टाकायचा, असा त्यांचा क्रम होता.

मानेपासून पायाच्या बोटांपर्यंत एकही सांधा या व्यायामातून सुटत नाही. पोटाचे स्नायू दाबले जातात, पाठीचा कणा पुढे व मागे असा दोन्ही बाजूंस वाकतो आणि नमस्कारांची संख्या वाढली की दमही वाढतो. साधन लागते ते सहा फूट जमीन. जोडीदार नको, आखाडा नको, पैसा नको. ज्या संस्थानात दर चार वर्षांनी दुष्काळ ठरलेला आणि गावोगाव दवाखाना उघडण्याइतकी तिजोरी भरलेली नाही, तेथील राजाला या शेवटच्या गोष्टीचे मोल किती वाटले असेल, ते माणदेशात राहिलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. मोठ्या संस्थानिकांनी राजधानीत इस्पितळे बांधली, त्यावर शिलालेख लावले. औंधच्या राजाने जे बांधले ते प्रजेच्या शरीरातच बांधले.

राजेसाहेबांनी संस्थानातील सर्व शाळांतून मुलगे व मुली या दोघांनाही सूर्यनमस्कार सक्तीचे केले. वयाप्रमाणे संख्या वाढवीत न्यायची अशी योजना होती. पण नुसते फर्मान काढून ते स्वस्थ बसले नाहीत. स्वतः पहाटे उठून रोज शेकड्यांनी नमस्कार घालण्याचा त्यांचा नेम गादीवर बसण्यापूर्वीपासूनचा होता आणि तो प्रवासातही चुकत नसे. राणीसाहेब व मुलेबाळे यांनाही त्यांनी तीच शिस्त लावली. गावोगावच्या फेरीत ते नमस्कारांवर व्याख्यान देत आणि व्याख्यान संपले की प्रत्यक्ष करून दाखवीत. साठी उलटलेला राजा उघड्या अंगाने गावकऱ्यांपुढे साष्टांग घालतो आहे, हे दृश्य पाहिल्यावर शाळामास्तरांना आणि मामलेदारांना सबब सांगण्यास जागा उरत नसे.

आमच्या वडिलांचा जन्म १९२८ चा. त्यांची प्राथमिक शाळा या शिस्तीतलीच. सकाळी शाळेच्या पटांगणात ओळी लागत, मास्तर सूर्याचे नाव उच्चारीत आणि सगळी पोरे एकदम वाकत. प्रत्येक नमस्काराबरोबर ओंकार, ह्रां-ह्रीं अशी बीजाक्षरे व मित्र, रवि, सूर्य, भानु अशा बारा नामांपैकी एकेक नाम म्हणावयाचे असे. या बीजाक्षरांच्या उच्चाराने घसा, छाती, हृदय यांना उपकारक स्पंदने मिळतात असे राजेसाहेबांचे प्रतिपादन होते. आता आमचे घर जैन. आजोबांना प्रथम हे रुचले नाही. आपल्या मुलाने सूर्याची उपासना करावी काय, असा त्यांना प्रश्न पडला आणि त्यांनी मुलाला घरी बसविण्याचा विचारही केला. तोडगा आजीने काढला. शाळेत शरीर वाकवावे आणि मनात णमोकार म्हणावा! वडिलांनी पुढे जन्मभर तेच केले. नमस्काराच्या प्रत्येक आवर्तनाला एक णमोकार, बारा आवर्तने झाली की एक गाठ सोडायची, असा त्यांचा हिशेब होता. त्या मास्तरांना हे कळले होते की नाही कोण जाणे. शरीर नीट वाकते आहे ना, एवढेच ते पाहत.

स्त्रियांच्या व्यायामाचा राजेसाहेबांनी केलेला पुरस्कार हा त्या काळाच्या मानाने फारच धाडसाचा म्हणावा लागेल. चांगल्या घरच्या बाईने चारचौघांत धावणे हेसुद्धा ज्या समाजाला खपत नव्हते, त्या समाजात त्यांनी मुलींच्या शाळांतून नमस्कार सुरू केले. घरकाम हाच बायकांचा व्यायाम, ही समजूत त्यांना मान्य नव्हती. दळणकांडण करणाऱ्या बाईची कंबर ठराविक अंगानेच वाकते, बाकीचे शरीर आखडलेलेच राहते, असे त्यांचे म्हणणे होते. राणीसाहेबांचे उदाहरण त्यांच्या घरातच होते. अनेक अपत्ये होऊनही त्यांची प्रकृती व उत्साह पाहून पाहुणे चकित होत.

खाण्यापिण्याविषयी त्यांची मते आजच्या आहारतज्ज्ञाला ऐकविली तर तो त्यांतील बहुतेकांना मान डोलावील. धान्य कोंड्यासह खावे, भात न सडलेल्या तांदळाचा असावा, भाज्या व फळे भरपूर घ्यावीत आणि दारू, तंबाखू यांना तर शिवूच नये. चहा-कॉफीलाही त्यांचा विरोध होता. चहाच्या बाबतीत मात्र औंधची प्रजा राजाच्या शब्दाबाहेर गेली, असे दिसते. आमचे वडील नमस्कारांत कधी चुकले नाहीत, पण दुकान उघडल्यावर चहाचा पहिला कप आल्याशिवाय त्यांनी कधी ताग्याला हात लावला नाही.

सूर्यनमस्कारांवर राजेसाहेबांनी लिहिलेले पुस्तक मराठीत तर गाजलेच, १९२८ साली ते इंग्रजीतही निघाले व त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या झाल्या. सहज समजावे म्हणून त्यात प्रत्येक स्थितीची छायाचित्रे होती. बोलपट यायच्या आधीच्या त्या काळात त्यांनी नमस्कारांचा मूकपटही तयार करविला. लोकशिक्षणासाठी चित्रपट वापरावा, ही कल्पना त्या वेळी एका आडगावच्या संस्थानिकाला सुचावी याचे आश्चर्य वाटते. १९३६ साली ते विलायतेस गेले. तेथे न्यूज क्रॉनिकल या दैनिकाच्या लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी त्यांची भेट घेतली. अडुसष्ट वर्षांच्या या हिंदी राजाची सतेज कांती व ताठ कणा पाहून त्या इतक्या प्रभावित झाल्या की, त्यांनी वर्तमानपत्रातून नमस्कारांवर लिहिले. पुढे त्यांच्याच संपादनाखाली १९३८ साली लंडनच्या डेंट या नामांकित प्रकाशन संस्थेने ‘द टेन पॉइंट वे टू हेल्थ’ हे राजेसाहेबांचे पुस्तक प्रसिद्ध केले. दहा स्थिती म्हणून दहा पॉइंट. ज्या भवानरावांनी एकेकाळी सँडोची साधने विलायतेहून मागविली होती, त्यांचाच नमस्कार चाळीस वर्षांनी विलायतेच्या दुकानांत विकावयास गेला. आमच्या व्यापारी भाषेत याला आयातीची निर्यातीने फेड म्हणतात.

चरित्र लिहिताना केवळ गोडवे गाऊ नयेत, असे मला वाटते. राजेसाहेबांचे काही दावे अतिरेकी होते, हे मान्य केले पाहिजे. नमस्कारांनी जवळजवळ सर्वच रोग दूर राहतात असे ते मानीत. आजचे वैद्यकशास्त्र इतके म्हणणार नाही. बीजाक्षरांच्या स्पंदनांविषयीची त्यांची उपपत्ती शास्त्राने सिद्ध केलेली नाही. त्यांच्या हयातीतही टीका झालीच. मुंबईच्या योग संस्थेचे श्री योगेंद्र यांनी नमस्कारांची योगाशी सरमिसळ करणे चुकीचे ठरविले होते, आणि गंमत अशी की, स्वतः राजेसाहेबही नमस्कारांकडे योगासन म्हणून न पाहता सर्वांगाचा व्यायाम म्हणूनच पाहत. आज जगभरच्या योगवर्गांचा आरंभ सूर्यनमस्काराने होतो, ही मागाहून घडलेली गोष्ट आहे.

सक्तीविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. वडील सांगत की, त्यांच्या वर्गातील निम्मी मुले शाळा सुटल्याबरोबर नमस्कारही सोडून मोकळी झाली. मास्तरांच्या धाकाने वाकलेला कणा धाक गेल्यावर पुन्हा ताठरला. उरलेल्या निम्म्यांनी ते धरून ठेवले. ते का, असे मी वडिलांना एकदा विचारले. त्यांनी दिलेले उत्तर साधे होते. ज्या मुलांच्या घरात दुसरे कोणी तरी नमस्कार घालीत असे, त्यांचे टिकले. शाळेने आरंभ करून दिला, पण खाते चालू राहिले ते घरात. एका प्रदेशाचे आरोग्य सुधारू पाहणाऱ्या कोणत्याही योजनेची खरी कसोटी येथेच लागते, असे मला वाटते. राजेसाहेबांनाही बहुधा ते उमगले असावे, कारण पुरुषांइतकाच त्यांचा भर घरच्या बायकांवर होता.

राजेसाहेबांचे इतर कार्य एवढे मोठे आहे की त्याचा येथे केवळ उल्लेखच शक्य आहे. बेळगावातून बाहेर पडावे लागलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना त्यांनी १९१० साली कुंडल रोड स्टेशनजवळचा निवडुंगाने भरलेला माळ दिला, पैशाचेही साहाय्य केले आणि तेथे किर्लोस्करवाडी उभी राहिली. वेदांचे गाढे अभ्यासक पंडित सातवळेकर यांना त्यांनी औंधास आश्रय दिला. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीला भरघोस द्रव्यसाहाय्य केले. रामायणातील प्रसंगांची चित्रे स्वतः काढून ‘चित्र रामायण’ प्रसिद्ध केले. १९३५ साली इंदूर येथे भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. माणदेशचे गदिमा औंधच्याच शाळेतले विद्यार्थी. डोंगराच्या उतारावर १९३८ साली उभारलेले त्यांचे वस्तुसंग्रहालय आजही पाहण्यासारखे आहे. राजा रविवर्म्याची चित्रे तर तेथे आहेतच, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचे शिल्पही आहे. औंधला गेल्यास ते चुकवू नये.

या सर्वांहून मोठी गोष्ट म्हणजे त्यांनी आपण होऊन केलेला सत्तात्याग. महात्मा गांधींचा सल्ला घेऊन, चिरंजीव अप्पासाहेब पंत व मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याच्या साहाय्याने त्यांनी १९३९ च्या जानेवारीत संस्थानला नवी राज्यघटना दिली व कारभार ग्रामपंचायतींच्या पायावर लोकांच्या हाती सोपविला. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली. तेथे भिंत नव्हती, साखळदंड नव्हते. व्ही. शांतारामांचा १९५७ चा ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट याच प्रयोगावरून स्फुरला. स्वतःच्या शरीरावर ज्याने स्वतः राज्य केले, त्याला प्रजेनेही स्वतःवर राज्य करावे असे वाटले, तर त्यात विसंगत काहीच नाही.

१९४८ च्या मार्चमध्ये औंध संस्थान मुंबई इलाख्यात विलीन झाले. संस्थान गेले तशी शाळांतील नमस्कारांची सक्तीही गेली. राजेसाहेब १३ एप्रिल १९५१ रोजी वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. अप्पासाहेब पुढे भारताचे राजदूत म्हणून अनेक देशांत गेले आणि वडिलांचा नमस्कारही त्यांनी बरोबर नेला. १९७० साली त्यांनी इंग्रजीत सूर्यनमस्कारांवर पुस्तक लिहिले. आज युरोप-अमेरिकेत रबरी चटईवर जे लोक सकाळी सूर्यनमस्कार घालतात, त्यांपैकी किती जणांना औंध हे नाव ठाऊक असेल?

आता थोडे आपल्याविषयी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. त्यांनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. मोठ्या माणसांत दर शंभरांत पस्तीस जणांना उच्च रक्तदाब आहे. राजेसाहेबांच्या काळात पटकी, प्लेग, हिवताप हे प्रजेचे शत्रू होते. ते बाहेरून येत आणि आल्याचे कळत. आजचे हे रोग घरातच वाढतात आणि वर्षानुवर्षे कळत नाहीत. स्नायू हालत असला की तो रक्तातील साखर ओढून घेतो, इन्शुलिन अपुरे असले तरीही काही प्रमाणात घेतो. बसून राहिला की ती साखर रक्तातच फिरत राहते. एवढी साधी यंत्रणा आहे. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्यास किमान दीडशे मिनिटांचा मध्यम व्यायाम सांगते. औंधच्या शाळकरी मुलाचे आठवड्याचे नमस्कार मिनिटांत मोजले, तर हिशेब फारसा वेगळा येणार नाही.

मला मधुमेह असल्याचे वयाच्या चौपन्नाव्या वर्षी कळले. आमच्या वडिलांना तो शेवटपर्यंत नव्हता. ते सत्त्याऐंशीव्या वर्षी, २०१५ साली गेले. अखेरच्या आजारापूर्वीपर्यंत रोज चोवीस नमस्कार घालीत होते. रक्त तेच, घर तेच, अन्नही बरेचसे तेच. फरक एवढाच की, मी वाणिज्य शाखेचा पदवीधर झालो आणि गादीवर बसलो तो उठलोच नाही. गिऱ्हाईकाला तागा दाखवायला नोकर, वरच्या फळीवरचा माल काढायला नोकर, वसुलीला स्कूटर. यंत्रावर दरवर्षी घसारा काढण्यास मी कधी विसरलो नाही. स्वतःच्या शरीरावरचा घसारा मात्र वहीत कधी धरलाच नाही. वडील लहानपणी मला पहाटे उठवीत, हे खरे आहे. दहावीपर्यंत उठलो. पुढे अभ्यासाची सबब निघाली, त्यानंतर दुकानाची.

मधुमेह कळल्यावर मी एकदम पन्नास नमस्कार घालावयास निघालो होतो. डॉक्टरांनी थांबविले, ते बरे झाले. डोळ्यांच्या पडद्याची तपासणी केल्याविना डोके खाली नेणारे व्यायाम करू नयेत, रक्तदाब ताब्यात नसल्यास तर मुळीच करू नयेत, असे त्यांनी बजावले. गुडघेही पूर्वीसारखे राहिलेले नव्हते. म्हणून प्रथम चालणे सुरू केले, तपासण्या झाल्या आणि त्यानंतर रोज दोन नमस्कारांना परवानगी मिळाली. ज्यांना जुना आजार आहे त्यांनी डॉक्टरांना विचारूनच आरंभ करावा, ही विनंती येथे मुद्दाम करीत आहे.

मागील वर्षी औंधला गेलो होतो. संग्रहालय पाहून यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या चढलो, तीन ठिकाणी बसावे लागले. वरून माणदेशाकडचा उजाड मुलूख दूरवर दिसत होता. घरी आल्यावर वडिलांच्या पेटीत त्यांचा खादीचा शेवटचा तुकडा सापडला. हातांच्या जागी दोन्हीकडे झिरपट झालेला. तो तसाच ठेवून मी दुकानातून नवा फाडून आणला. नातू आठ वर्षांचा आहे, तो शेजारी टॉवेल अंथरून माझ्या चुका मोजतो. सध्या मी बारा नमस्कारांवर आलो आहे.